पाचपैकी पाच

लॉगबुकात सुमेधा गजभियेनं निळ्या पेनानं लिहिलं होतं :
रेडिओ दोन. खरखर. जमिनीवर कमी, हवेत जास्त.
टॉवर काय म्हणतो ते अर्धं कळतं, अर्धं ताडावं लागतं.
आणि खाली, बारीक अक्षरात :
माझ्या कानांचा दोष नसावा.

वैशाखातलं सोनेगाव. सकाळी नऊलाच
पाना हातात धरवत नाही.
इस्राईल तो ओल्या फडक्यात गुंडाळून देतो,
घ्या भाऊ, आत्ताच कढईतून काढला.

अझीम उस्ताद म्हणायचे,
आवाज हा चोर नसतो रे, भाडेकरू असतो.
कोणाच्या तरी खोलीत राहतो.
एकेक खोली बंद कर आणि ऐक.

म्हणून एकेक बंद केलं.
आधी हेडसेट बदलला. तीच खरखर.
अल्टरनेटर पाडला, तेव्हा इंजिनासोबत चढणारं-उतरणारं
एक कुंईं थांबलं, पण ते निराळंच होतं, जुनं,
त्याची कोणी तक्रारही केली नव्हती.
शेपटीवरचा दिवा मिटवला, दर लुकलुकीचा टिचका गेला.
डावा मॅग्नेटो, उजवा मॅग्नेटो.
डाव्यावर लाह्या फुटत होत्या :
प्लगच्या वायरीची जाळी कुरतडलेली.
उंदीर. दुसरं कोण.
बदलली.

आणि तरीही सगळ्याच्या तळाशी
वाळल्या तुरीच्या शेंगा हलवाव्या तसं
खुळखुळ, खुळखुळ.

कॅप्टन मुळक येऊन म्हणाले,
नवा सेट टाकून द्या ना बाप्पा, किती दिवस चालवता.
मी बोललो नाही.
सेट बापडा काय करील,
त्याच्या कानी पडतं तेच तो सांगतो.

दुपारी शिडी लावली. छपरावर हात ठेवला
आणि लगेच काढला.
अँटेनाच्या बुडाशी चार स्क्रू, चारही घट्ट.
उघडले, तर खाली रंग.
दिवाळीआधी विमान रंगवलं होतं, फोटोसाठी,
पांढरंशुभ्र, वर नारिंगी पट्टा,
रंगाऱ्यानं तसूभर जागा सोडली नव्हती. चोख माणूस.
सहा महिने अँटेना उभी होती, टेकलेली नव्हती.
पायाखाली धातू आहे
हे तिला कळतच नव्हतं.

पॉलिशपेपरनं रुपयाएवढी जागा घासली.
आतलं ॲल्युमिनियम उघडं पडलं, डोळ्यांत गेलं.
मीटर लावला. काटा शून्याला चिकटून.

सुमेधानं इंजिन चालू केलं, रेडिओ चेक मागितला.
टॉवर म्हणाला, पाचपैकी पाच.
ऐका ना काका, म्हणत तिनं हेडसेट माझ्या डोक्यावर चढवला.
टॉवरमधली बाई कोणत्यातरी दिल्लीच्या विमानाला
वारा सांगत होती, दोनशे सत्तर, आठ नॉट,
आणि तिच्या मागे, बारीक, न थांबता,
शेंगा.

अजून थोडी आहे का गं?
कुठं काय. काहीच नाही.
इस्राईलनंही लावून पाहिलं. काच आहे भाऊ, काच.

मी सही केली.
दोष : अँटेनाखाली रंग. उपाय : घासला.

रात्री घरी जेवण झाल्यावर कूलर बंद केला.
मग पंखा.
मग फ्रिजचा प्लग. वत्सला म्हणाली,
काऊन जी, आंबे आहेत ना आत.
मग मीटरपाशी जाऊन मेन पाडला.
शेजारच्यांच्या टीव्हीवर कोणी हसलं, तेही संपलं.

अंधारात शेंगा हलत होत्या.
बंद करायला आता खोली उरली नव्हती.
एकतीस वर्षं चालू इंजिनाशेजारी उभा राहिलो,
भाडं कधी मागितलं नाही.

वत्सला दारातून काहीतरी बोलली.
अर्धं कळलं, अर्धं ताडलं.
पाचपैकी तीन, म्हटलं मी.
तीन काय?
काही नाही. लावतो मेन.